सळईला पाणी

कमी पैशात ॲनिमेशनसाठी कॉम्प्युटर बांधायचा, तर कुठला पार्ट भारी घ्यायचा आणि कुठे हात आखडायचा, यावर मी जेवढं डोकं चालवलं तेवढं वर्षभराच्या अभ्यासातही चालवलं नसेल. चिखलीला कॉलेजात आमची भांडणंसुद्धा त्यावरच व्हायची. कोणी म्हणे प्रोसेसर, कोणी म्हणे रॅम. माझं मात्र ठरलं होतं. कॅबिनेट साधं, स्क्रीन जुना, यूपीएस नाहीच, आणि वाचेल ते सगळं ग्राफिक्स कार्डात. हलती चित्रं तेच तयार करतं, बाकीचे नुसते वऱ्हाडी.

दुकानात बाबा सोबत होते. त्यांचा एकच प्रश्न होता.

"हे लाईट किती खाते?"

दुकानदाराने आकडा सांगितला. बाबा बोटांवर घरचे बल्ब मोजायला लागले.

"घरी अर्थिंग नीट आहे ना?" दुकानदाराने विचारलं.

"अर्थिंग?" बाबा हसले. "आमची तर लाईटच अर्थिंगवर हाये."

दुकानदारही हसला. त्याला ती गंमत वाटली. मीही हसले, कारण मला कार्ड हवं होतं.

बाबा खरंच सांगत होते. आमचं घर वावरात आहे. तिथे विहिरीवरच्या मोटारीसाठी तारा आल्या आहेत, घरासाठी वेगळी लाईन नाही. करंट यायला एक तार लागते आणि परत जायला दुसरी. ही परतीची तार आमच्याकडे नव्हती, म्हणून बाबांनी अंगणात लोखंडी सळई ठोकून वायर तिला बांधली होती. घरात वापरलेला करंट त्या सळईतून जमिनीत उतरायचा. आजूबाजूच्या वावरांतही तसंच होतं, त्यामुळे कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. जमीन सुकली की बल्ब पिवळे पडायचे. मग सळईच्या बुडाशी पाणी घालायचं. ते काम आईचं. संध्याकाळी चपला काढून ती तुळशीला पाणी घालायची आणि तांब्यात उरलेलं, तशीच अनवाणी जाऊन, सळईला.

कॉम्प्युटर घरी आला, आईने त्याला हळदकुंकू लावलं. चित्रं काढेपर्यंत तो गुणी बाळ होता. पण रेंडर लावलं, म्हणजे आखलेल्या हालचालीचं एकेक चित्र तयार करायला मशीनला बसवलं, की कार्ड जोर लावायचं, बल्ब मलूल व्हायचे आणि मशीन धाडकन बंद. मी वैतागून ओरडायचे, "आई, पाणी!" ती हातातलं काम टाकून जायची. तांब्याची बादली झाली. मशीन चालायला लागलं आणि मी खूश झाले.

उन्हाळा लागला. बांधावर हिरवी काडी उरली नाही, सळईभोवती मात्र लुसलुशीत गवत माजलं. आमच्या शेळ्या त्याला तोंड लावत नव्हत्या. एकदा त्यातली एक तिकडे गेली, ओल्या गवतात पाय टेकवला आणि अंग चोरून मागे सरकली. मी ते खिडकीतून पाहिलं. मला ते बरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात भाकरी थापता थापता आई म्हणाली, "पायाले लय मुंग्या येऊन राह्यल्या बाप्पा."

"कधी?"

"सांजच्याले. तुळशीपाशी नाही येत. सळईपाशी उभी राह्यली का येते. थकवा असंन."

मला ती मागे सरकलेली शेळी आठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चपला घालून, जपून सळईपाशी गेले आणि टेस्टर लावला. आत पंखा फिरत होता, म्हणजे लाईट होती. टेस्टर पेटला नाही. माझा जीव भांड्यात पडला. आईसाठी ताकदीच्या गोळ्या आणा, असं बाबांना सांगून मी कामाला बसले.

वर्षाअखेरचं काम द्यायचं होतं. चालणारी बाई दाखवायची होती आणि चाल मी आईचीच घेतली होती, उजव्या पायावर जरा जोर देणारी. संध्याकाळपर्यंत रेंडर संपत आलं होतं. खिडकीतून आई दिसत होती. तिने तुळशीपाशी चपला काढल्या, पाणी घातलं, हात जोडले आणि भरलेली लोखंडी बादली उचलून ती सळईकडे निघाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुपारी टेस्टर लावला तेव्हा कॉम्प्युटर बंद होता; सळईत उतरत होता तो नुसत्या पंख्याचा करंट.

"आई!" मी जीव खाऊन ओरडले.

"आली वं, आली!" म्हणत तिने पाय उचलले. मी हाक मारली म्हणजे पाणी हवं, हे तिला मीच शिकवलं होतं. ती धावतच सळईकडे गेली.

मी बोर्डातून पिन ओढली. स्क्रीन काळा झाला, कार्डाचा पंखा थांबला. बाहेर बादली उपडी झाल्याचा आवाज आला. मला खिडकीकडे पाहवेना. पाहिलं, तर ती ओल्या गवतात घोट्यापर्यंत चिखलात उभी होती.

"पाह्य वं," ती आनंदाने म्हणाली, "आज मुंग्या नाही आल्या!"

पिन हातात धरूनच मी खिडकीशी गेले.

"लाव आता तुहं मशीन. लय पाणी टाकलं."

"पहिले तू घरात ये."

"काऊन?" ती म्हणाली, आणि पायातला काटा काढायला वाकताना तिने सळईचा आधार घेतला.

ती पिन मी त्या घरात पुन्हा लावली नाही.