अर्ध्या अंशाची पुष्पलता

आमच्या बोईसरच्या कॉलेजात पुष्पलता तामोरे पदार्थविज्ञान शिकवते आणि मी रसायनशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना चिकटून. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी मी लातूरहून इथे आले त्याला बारा वर्षं झाली. त्यातली अकरा ती एकाच आलेखात डोकं घालून बसलेली मी पाहिली आहे.

ती इथल्याच किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. आई अजून बोंबील वाळत घालते. एकदा तिच्या घरी गेले होते तेव्हा मी आईला विचारलं, लेक कसलं संशोधन करते?

"आमाला काय ठावं, बाय? पन करते हाय, मन लावून करते," म्हातारी म्हणाली.

पुष्पलताने लग्न केलं नाही. तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर करोनात गेले आणि नवे मार्गदर्शक न वाचताच सही करत. आम्ही तर तोंडदेखलंही काही विचारायचो नाही. मी आपली तिच्या तोंडून ऐकलेले दोन शब्द घेऊन चिडवायचे, "काय अर्ध्या अंशाच्या बाई, सरकला का तुमचा खळगा?" ती हसायची आणि डबा एकटीच खायची.

यंदाचा मार्च हा तिच्या प्रबंधाचा शेवटचा महिना. तेवढ्यात दिला नाही तर नोंदणी रद्द. परीक्षेला आमची दोघींची ड्युटी एकाच वर्गात लागली. पेपर गोळा झाले, मुलं गेली, आणि वेळ जाईना म्हणून मी म्हटलं, "नक्की करतेस तरी काय गं तू?"

तिचा चेहराच उजळला. खडू घेऊन फळ्यापाशी गेली. हेलियमचं केंद्रक कॅल्शियमच्या केंद्रकावर सोडायचं. याच्यात चार कण, त्याच्यात चाळीस. कॅरमचा स्ट्रायकर सोंगट्यांच्या ढिगात शिरावा तसं, कुणाची एक टक्कर, कुणाच्या दोन, कुणाच्या तीन. त्या सगळ्या मिळवायच्या आणि दोन्ही केंद्रकं न मोडता, आतून न बदलता, कुठल्या कोनात किती वळतील ते काढायचं. एका कोनात जवळजवळ कुणीच जात नाही, तो खळगा. धक्का बसलेलं कॅल्शियमही सरकतं, म्हणून गणितातला कोन दोघांच्या सामाईक मध्यापासून मोजतात. तिच्या गणितात खळगा साडेपाच अंशांवर, प्रयोगात पाचवर. तो अर्धा अंश भरून काढायला तिने स्वतःची एक दुरुस्ती रचली होती. अख्खा प्रबंध त्या दुरुस्तीवर उभा होता.

"आणि प्रयोगवाल्यांनी पाच कुठून मोजला?" मी विचारलं. आम्हा रसायनवाल्यांची खोडच ती, आकडा दिसला की आधी एकक विचारायचं. त्यात थोडी थट्टाही होती.

पुष्पलताने खडू खाली ठेवला. तिने पिशवीतून त्या प्रयोगाच्या लेखाचा जुना झेरॉक्स काढला. सरांनीच दिलेला. आलेखाखालची ओळ झेरॉक्स काढताना कापली गेली होती. मूळ लेख तिने मोबाइलवर शोधला, दहा मिनिटं लागली. कोन प्रयोगशाळेतला होता, स्थिर जागेवरून मोजलेला, सामाईक मध्यापासून नव्हे. तिने फळ्यावर पाचाला दोघांच्या मिळून चव्वेचाळीस कणांनी गुणलं, कॅल्शियमच्या चाळीसने भागलं. साडेपाच.

"बसला गं!" ती म्हणाली, आणि खरंच आनंदाने म्हणाली. मग तिथेच बाकावर बसली. तो अर्धा अंश नुसता मोजण्यातला फरक होता; तिची दुरुस्ती कधी लागतच नव्हती.

"अगं, मी उगाच विचारलं," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"उगाच नाही. अकरा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली आणि फळा पुसायला उठली.

तिने प्रबंध दिला नाही. हल्ली मी डबा तिच्या टेबलावर नेऊन खाते. काय चाललंय म्हणून रोज विचारते. ती म्हणते, काही नाही.