पहिली ओळ

गुरुवारी दुपारी पाळी सुटल्यावर सातपूरच्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर गायधनी सरांच्या मुलाला त्याच्याबरोबर काम करणाऱ्या माणसाने चाकूने भोसकले. सायकल कुठे लावायची यावरून भांडण झाले होते. अरुण तेवीस वर्षांचा होता. संध्याकाळी पाच वाजता तो गेला.

सर आमच्या पंचवटीतल्या शाळेत मराठी शिकवत आणि मी तिथले ग्रंथालय सांभाळत असे. वादविवाद स्पर्धेची तयारी ते माझ्याच खोलीत घेत. टेबलावर त्यांच्या चष्म्याचे घर असे, त्यात दोन चिठ्ठ्या. एकीवर ‘बाजूने’, दुसरीवर ‘विरुद्ध’. हाताला येईल ती उचलायची आणि त्या बाजूने बोलायचे. नियम एकच होता. “आलेली चिठ्ठी बदलायची नाही.” एकदा एक मुलगी रडकुंडीला आली, तिला ती बाजू पटतच नव्हती. सर म्हणाले, “मग चिठ्ठी बरोबर हातात गेली. पटलेल्या बाजूने काय, आमचे शेजारीही तासभर बोलतात.”

फाशीची शिक्षा असावी की नसावी, हा विषय एक-दोन वर्षांआड यायचाच. इगतपुरीला, लासलगावला स्पर्धेला जाताना एसटीत सर मुलांशी मुद्दाम उलट बाजूने भांडत. कंडक्टरही मध्ये पडायचा. पण कोणतीही बाजू लढवणारे सर या एका विषयात स्वतःचे मत लपवत नसत. फाशी नको, असे ते म्हणत. “भ्यालेला माणूस गप्प बसतो, शहाणा होत नाही. वर्गात रोज बघतो मी.” छडी त्यांनी कधी हातात घेतली नाही.

अरुणच्या तेराव्यानंतर गल्लीतले लोक सरांच्या घरी जमले. गुन्हेगाराला फाशीच द्यावी, असे निवेदन कलेक्टरांना द्यायचे ठरले. माझे अक्षर बरे, म्हणून मीच ते लिहिले आणि एक जादा प्रत काढून ठेवली. दोन्हींच्या खाली सह्यांसाठी ओळी आखल्या. पहिली ओळ सर्वांनी बापासाठी मोकळी ठेवली. दुसरीवर मालतीबाईंनी, सरांच्या पत्नीने, सही केली.

सरांनी कागद वाचला. सवयीने एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद मला परत दिला. म्हणाले, “मला तो माणूस मेलेला हवाय. रोज सकाळी उठल्यापासून हवाय. म्हणूनच हे मला विचारू नका.”

मालतीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अरुण गेला. यांचा मुद्दा काही गेला नाही.”

पहिली ओळ तशीच कोरी ठेवून निवेदन गेले.

खटला दोन वर्षे चालला. सर प्रत्येक तारखेला जात आणि मागच्या बाकावर बसत. शेवटी जन्मठेप झाली. अशा निवेदनावरून कोर्ट शिक्षा ठरवत नाही, हे सरकारी वकिलांनी मालतीबाईंना दोनदा समजावून सांगितले. त्यांना ते पटले नाही. ती एक ओळ भरली असती तर, एवढेच त्या म्हणत राहिल्या. महिन्याभरात त्या सिन्नरला भावाकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सर ग्रंथालयात आले. “जादा प्रत आहे ना तुमच्याकडे?” मी ती काढून दिली. त्यांनी उभ्यानेच पहिल्या ओळीवर सही केली. संपूर्ण नाव, शुद्ध अक्षरात.

“चिठ्ठी बदलली मी, भालेराव,” ते म्हणाले. कागद माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, “आता हे कुठे द्यायचं?”

बाईंना कळवू का, एवढेच मी विचारले.

“नको. तिला वाटेल, तिच्यासाठी केली.”

“मग कुणासाठी केलीत?”

त्यांनी पेनाला टोपण लावले आणि ते तासावर गेले.

त्यानंतर त्यांनी वादविवाद घेतले नाहीत. निवृत्त झाल्यावरही वर्षातून एक-दोनदा ते यायचे आणि तो कागद मागायचे. एकदा सही खोडायला पेन उघडून बसले, ते शाळा सुटेपर्यंत तसेच बसून राहिले. ते कागद फाडत नसत, घरीही नेत नसत. त्या दिवशी निघताना म्हणाले, “घरी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलून बघतो. दोन्ही जिंकतात हो. अरुण कुठल्याच बाजूला नसतो.” मी त्यांना चहाचा आग्रह केला. याहून काही करण्यासारखे मला कधीच सापडले नाही.

अरुणनंतर दहा वर्षांनी सर गेले. मालतीबाई सिन्नरहून आल्या होत्या. सरांना घरातून नेताना माझ्या शेजारी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, “शेवटपर्यंत सही नाही केली यांनी.”

कागद माझ्या कपाटात आहे. पहिल्या ओळीवर सही आहे, बाकीच्या ओळी कोऱ्या आहेत. मालतीबाई सिन्नरला असतात. मी त्यांना सांगितलेले नाही.