आम्ही आखलेली दंगल

माझे यजमान जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यांची पुस्तकं, नकाशे, फायली मी हळूहळू आवरते आहे. दिवसाला एक कप्पा, त्याहून जास्त झेपत नाही. परवा सगळ्यात खालच्या कप्प्यात माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. वरच्याच चिठ्ठीवर होतं: 'बसच्या ड्रायव्हरला दारातून ओढून काढला. तोंडावर फरशी मारली. दात रस्त्यावर पडलेत. लोक हसताहेत.'

हे मी लिहिलं होतं. शनिवार पेठेतल्या आमच्या घरी, दुपारचा चहा पीत.

यजमान लष्करात होते आणि त्या काळात पुण्यातल्याच एका प्रशिक्षण संस्थेत शिकवत. भूदल, नौदल आणि हवाई दल, तिन्हीकडचे अधिकारी तिथे एकत्र येत. पूर आला, दंगल झाली आणि सरकारने मदतीला बोलावलं तर काय करायचं, हे त्यांना शिकवायचं होतं. शहरात तेव्हा कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या, रोज बाहेरगावची माणसं येऊन भरत होती. यजमान म्हणत, एवढ्या माणसांना एकमेकांची ओळख नाही, काही झालं तर फार वाईट होईल.

म्हणून त्यांनी चार दिवसांचा सराव आखला. खडकवासला धरणातून अचानक पाणी सोडावं लागतं, नदीकाठच्या वस्त्या बुडतात, मदत छावण्यांत मारामारी पेटते. सगळं कागदावर. एका मोठ्या हॉलमध्ये भिंतभर नकाशा, टेबलांवर फोन आणि तिन्ही दलांचे अधिकारी. शेजारच्या खोलीत आम्ही 'नागरिक'. आम्ही चिठ्ठी वाचून हॉलमध्ये फोन करायचा, त्यांनी तो टिपून मोठ्याने वाचायचा, कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवून नकाशावर झेंडी टोचायची.

चिठ्ठ्या आधी यजमानांनीच लिहिल्या होत्या. पहिलीच होती, 'जमाव आक्रमक झाला असून मालमत्तेचे नुकसान होत आहे.'

"अहो, हे जमावाने लिहिलंय की तुमच्या हेडक्लार्कने?"

"मग तू लिही."

"मी कॉलेजात मराठी शिकवते, दंगली नाही."

"तुमची स्टाफरूम पाहिली आहे मी. जमेल तुला."

मी लिहायला बसले आणि मला ते जमलं. फार चांगलं जमलं. ॲम्ब्युलन्सच्या काचेतून दगड, डॉक्टरला केस धरून फरफटत नेणं, गळ्यात टायर घालून रॉकेल ओतणं. आयुष्यात मी कुणाला चापट मारलेली नाही, वर्गात आवाज चढवलेला नाही. पण त्या दुपारी कुठलं हाड आधी मोडेल याचा मी शांतपणे विचार करत असे. एक वाक्य तीनदा बदलून चौथ्यांदा मनासारखं झालं की बरं वाटे. त्या बरं वाटण्याची लाज मला तेव्हा वाटली नाही.

फोनवर बोलायला मी कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना सोबत घेतलं होतं. ते सदाशिव पेठेतले, जीभ तशीच. "मॅडम, तुमच्या दंगलीत लोक व्याकरण सांभाळून मारतात," ते म्हणाले. मी तेही सुधारलं.

सरावाचा एक नियम होता. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आणि शेवटी 'सराव, सराव' असं म्हणायचं. पहिल्या दिवशी आम्ही ते पाळलं. मला मात्र ते खुपत होतं. एवढं रक्त ओतायचं आणि शेवटी 'सराव, सराव'. संध्याकाळी घरी मी म्हणाले, "त्या एका शब्दाने सगळं मरतं. तुमचे अधिकारी ऐकतात आणि चहा ढवळत बसतात. तो शब्द काढा, मग बघा."

"तो नियम आहे."

"मग तुमची माणसं नियम शिकतील, दंगल नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हॉलमध्ये जाहीर केलं, आजपासून तो शब्द वापरायचा नाही. आणि खरंच, चहा ढवळणं थांबलं. अधिकारी उभे राहून फोन घेऊ लागले. मला अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हवाई दलाचा एक तरुण अधिकारी भाड्याच्या जीपने नकाशावरचे सिंहगड रस्त्याकडचे पूल प्रत्यक्ष पाहायला गेला होता. ड्रायव्हर वऱ्हाडातला, दोनच वर्षांपूर्वी कामासाठी पुण्यात आलेला. धायरी फाट्याजवळ जीपचा धक्का एका सायकलवरच्या दूधवाल्याला लागला. त्याचा पाय मोडला. त्याच्या किटल्या रस्त्यावर सांडल्या आणि माणसं धावली. हा अधिकारी कसाबसा निसटून टेलिफोनच्या बूथमध्ये शिरला आणि त्याला ठाऊक असलेला एकच नंबर त्याने फिरवला. आमच्या हॉलचा.

नौदलाच्या एका अधिकाऱ्याने तो फोन आमच्याच खोलीतला समजून टिपला आणि सगळ्यांसाठी मोठ्याने वाचला. मधलं दार उघडं होतं. "धायरी फाट्यावर जीप अडवली आहे. ड्रायव्हरला त्याच्याच जॅकच्या दांड्याने मारताहेत. मधेच एक बाई त्याचं डोकं मांडीवर घेते, पाणी पाजते, मग उठून बाजूला होते. मग पुन्हा मारतात."

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हे मला का नाही सुचलं.

"हे तुमचं?" मी सरांना विचारलं.

"छे. मला वाटलं तुमचं. बाई झकास आहे."

मी यादी काढली. जीपची चिठ्ठी त्यात होती, पण दुपारची. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग खालपासून वरपर्यंत. हॉलमध्ये धायरीवर लाल झेंडी टोचली गेली. दोन तुकड्या कागदावर निघाल्या, कागदावर पोचल्याही. कुणीतरी म्हणालं, "आज काम पटकन होतंय."

सरांचा चेहरा उतरला तेव्हा मला कळलं. मी हॉलमध्ये गेले. नागरिकांनी तिथे पाय ठेवायचा नव्हता.

"बाहेर," यजमान मान वर न करता म्हणाले. "आत्ता नाही."

"अहो, ती बाई मी लिहिलेली नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग झेंडीकडे. मग ते ओरडले, इतक्या मोठ्याने की त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. पोलिसांना खरा फोन गेला आणि ते स्वतः गाडी घेऊन निघाले.

तिथे काय पाहिलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, बेसिनपाशी हात धुताना, माझ्याकडे पाठ करून. गर्दी पांगली होती. ड्रायव्हर जीपच्या चाकाला टेकून बसवल्यासारखा होता. एक कान लोंबत होता. जबडा एका बाजूला सरकलेला, गुडघ्याची वाटी फुटून पँटमधून वर आलेली. दांडा तिथेच पडला होता, त्याला केस चिकटलेले. यांनी त्याला उचललं तेव्हा छातीत काहीतरी कुरकुरलं. तो शुद्धीवर होता. एवढंच म्हणाला, "सायेब, म्या गाडी थांबोली होती." बाकीचे पळून जातात, तो थांबला होता.

मारहाणीनंतर तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला.

चौकशी झाली. नियम कुणी आणि का काढला, असं विचारलं गेलं. यजमानांनी लिहून दिलं की निर्णय त्यांचा एकट्याचा होता. पुढची बढती त्यांना मिळाली नाही. घरी त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मी रोज वाट पाहत असे, की आज तरी लावतील.

त्या सगळ्याच्या आधी, दहावं व्हायच्या आत, आम्ही ड्रायव्हरच्या घरी गेलो होतो. धायरीतल्या एका नव्या इमारतीमागे पत्र्याची खोली. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती.

"फोन आल्ता म्हणे तुमाले," ती म्हणाली.

"हो," यजमान म्हणाले.

"मंग?"

"आम्हाला तो खरा वाटला नाही. तिथे सगळे फोन खोटेच येत होते. हा खरा आहे हे ओळखायची सोय होती, ती मी काढून टाकली होती. चूक माझी आहे."

तिने ते ऐकून घेतलं. रडली नाही. मग म्हणाली, "थो मानूस मरून रायला होता अन् तुमाले खोटं वाटून रायलं."

यजमान मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्या शेजारी. सांगायचं ते माझ्याकडे होतं, एकच वाक्य: तो शब्द मी काढायला लावला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी कोन?"

"यांची बायको," मी म्हणाले.