द्वारकेवरचं कुत्र्यांचं सलून

लष्करात पंधरा वर्षं कुत्री सांभाळली, पण सांगण्यासारखा एक किस्सा घडला नाही. तिकडे माणसंसुद्धा शिस्तीत! पेन्शन घेऊन आलो, चौऱ्याऐंशी साली नाशकात द्वारकेजवळ कुत्र्यांचं सलून काढलं आणि मग गिऱ्हाइकं कमी, किस्से जास्त. दुकान दीड वर्षात बुडालं. हे तेवढे राहिलेत, तर ऐका.

*

पहिल्याच दिवशी एक ट्रक ड्रायव्हर आत आला. मी टेबलावर एका कुत्र्याची नखं कापत होतो. तो बाकावर बसून निवांत पेपर वाचायला लागला.

दहा मिनिटांनी मी विचारलं, "तुमचं कुत्रं कुठंय?"

"कुत्रं कशाला? दाढी करायचीय."

"अहो, हे कुत्र्यांचं सलून आहे!"

त्यानं टेबलाकडे नीट बघितलं. म्हणाला, "असू द्या. ह्याचं झालं की माझं करा. फक्त पाणी तेवढं बदला!"

*

सायखेड्याचा एक शेतकरी बाजारातून नवी म्हैस घेऊन घरी निघालेला. दारातच थांबला.

"मालक, मशीन लय भारी हाय तुमची. एवढी म्हैस भादरून द्या."

"मी फक्त कुत्र्यांचं करतो."

"कुत्र्याचं करता अन् म्हशीला नाय म्हणता? दूध कोण देतं?"

जमलेल्या सगळ्या माणसांना त्याचं पटलं. त्या दिवसापासून शेजारचा पानटपरीवाला मला 'म्हशीवाले फौजी' म्हणायला लागला.

*

माझा एकच नियम होता. आंघोळ घालीन, गुंता सोडवीन, कान साफ करीन, पण कुत्र्याचं मुंडण करणार नाही. केस उन्हापासूनही कातडी वाचवतात. पॉमेरियनचे एकदा मुळापासून काढले, की पुष्कळदा पहिल्यासारखे येतच नाहीत. पण एप्रिल लागला, की जो तो येऊन एकच सांगायचा, "भादरून टाका!" मी नाही म्हणायचो आणि गिऱ्हाईक आल्या पावली परत.

बायको वैतागली. "लोक म्हणतात तसं करायला तुमचं काय जातं?"

"कुत्र्याचं जातं!"

"मग कुत्र्यालाच सांगा घर चालवायला."

खरं सांगतो, एवढ्या मोठ्या शहरात दहा-बारा शहाणे तरी निघतील असं वाटलं होतं.

*

कॉलेज रोडच्या एक बाई अशाच रागावून गेल्या आणि रस्त्यावरच्या न्हाव्याला चहा पाजून त्याच्याकडून पॉमेरियन सफाचट करून घेतला. दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून माझ्याकडेच हजर!

"काहीतरी करा हो! परवा मुलीला बघायला पाहुणे येतायत!"

मी म्हटलं, "बाई, उगवायला वेळ लागतो."

"मग त्यांना काय सांगू? कुत्रा तिरुपतीला जाऊन आला?"

*

शहाणा एकच मिळाला, आहेर गुरुजी. निवृत्त शिक्षक. एक मुलगी, सुमन, तीही शिक्षिका. आणि एक पांढराशुभ्र पॉमेरियन, बंडू. दर दुसऱ्या रविवारी गुरुजी त्याला घेऊन यायचे. आधी स्वतः हात धुवायचे आणि मग गुंता सोडवताना बंडूचं डोकं धरून बसायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'बंडू नारायण आहेर'.

मी हसलो. "गुरुजी, कुत्र्याला बापाचं नाव लावत नाहीत."

गुरुजी हसले नाहीत. "आयुष्यभर शाळेत बापाच्या नावाशिवाय एक पोरगं दाखल केलं नाही. आता घरच्याचंच चुकवू?"

*

दिवाळीपर्यंत वाट बघायची, असं बायकोशी ठरलं होतं. दिवाळी झाली. मेव्हण्यानं सिन्नरला एका कारखान्याच्या गेटवर माझी नोकरी पक्की केली. शेवटच्या सकाळी बोर्ड उतरवला, मशीन पेटीत ठेवलं. फार वाईट वाटत होतं. गुरुजी त्यांच्या ठरलेल्या रविवारी फिरकले नव्हते, त्यांनाही सांगायचं राहिलं होतं.

तेवढ्यात सुमन आली. कडेवर बंडू. चेहरा सुजलेला.

"काका, आबा गेले. आज दहावा. सगळे गंगेच्या घाटावर थांबलेत."

मी बाक तिच्यापुढे ओढला.

"चुलतभावानं अग्नी दिला. पण पुढच्या आठवड्यात त्याचा साखरपुडा आहे. केस काढणार नाही म्हणतो." तिनं पदरानं नाक पुसलं. "मुंडणाला घरातलं कुणीतरी पाहिजे ना, काका. ह्या बंडूनं पाच दिवस आबांची खाट सोडली नव्हती. तिथला न्हावी कुत्र्याला हात लावायला तयार नाही."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. ऊन, कातडी, पुढे थंडी, सगळं ओठांवर आलं होतं. बंडू तिच्या कडेवरून उतरला आणि नेहमीसारखा टेबलाखाली जाऊन उभा राहिला, वर घ्या म्हणून.

मी पेटी उघडली. मशीन काढलं. त्याला टेबलावर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि सुमनला एवढंच विचारलं,

"शेंडी ठेवायची ना?"