सतरा विटा, एक सही

माणिकराव मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट एका पडलेल्या पुलाखाली झाली. परतूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचा तो दगडी पूल दुपारच्या पुरात मधोमध खचला होता. सुदैवाने वर गाडी नव्हती. मी मोजमापे लिहायला नेमलेला माणूस. चौथीनंतर शाळा पाहिली नाही. फीत, नकाशा, त्रैराशिक, सगळे माझे मी शिकलो आणि ते चारचौघांत सांगायची मला हौस. पडलेल्या खांबाचे माप मी ऐटीत पुकारले, "नऊ फूट चार इंच." माणिकराव शांतपणे म्हणाले, "नऊ फूट साडेतीन इंच. फितीला झोल आहे." पुन्हा मोजले. साडेतीन. त्या दिवसापासून मी त्यांना गुरू मानतो.

पूल का पडला, याचे उत्तर चौकशीत दोन दिवसांत निघाले. आष्टीचा धोंडिबा हा रोज रूळ तपासत चालणारा गँगमन. पाया उघडा पडल्याचे त्याने कळवले नाही, असे लिहून त्याला कामावरून काढले. धोंडिबा एकच सांगे, "खांबावरच्या पांढऱ्या रेघेला वाळू बराबर लागून होती. म्या काय खोटं बोलून राह्यलो का?" घरची मेंढरे केव्हाच विकलेली. नोकरीबरोबर अब्रूही गेली होती.

माणिकरावांना चैन पडेना. वाळूची पातळी दाखवणाऱ्या त्या रेघेची पाहणी दर उन्हाळ्यात तेच करत. वाळू जागची हलली नाही, तर खांब कसा हलला?

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा नदीत उतरलो. धोंडिबाच्या पत्नी सोनाबाई झिरा उकरून, म्हणजे वाळूत खड्डा करून, निवळ पाणी भरत होत्या. आमची मोजामोजी बघून म्हणाल्या, "मिस्त्रीदादा, वरची वाळू बघून काय कळतंय? परवा मांडीभर खाली बाजरीचं धाट घावलं, हिरवट. यंदाचंच हाय. ते तिथं कसं गेलं मंग?"

दुसरा कोणी हसून पुढे गेला असता. माणिकराव तिथेच बसले. वाळू मुठीत घेऊन म्हणाले, "पूर वाळू उचलून नेतो, ओसरताना नवी आणून टाकतो. आपण उन्हाळ्यात येतो, तेव्हा घर आवरलेलं असतं."

पण वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. उन्हाळ्यात त्यांनी काठाकडच्या उभ्या खांबाशी खड्डा घेतला. त्या खांबाचा पाया खडकावर होता. धोंडिबाने खणले, मी तीन इंच जाडीच्या वीस विटा, नंबर घालून, एकीवर एक रचल्या. पाच फूट. वरून वाळू सारखी केली. वाटूरच्या बाजारात लोक टोमणे मारत, "मिस्त्री विटा पेरून राह्यले. आता पूल उगवणार हाय." माणिकराव म्हणत, "पाऊस तर पडू द्या."

पाऊस पडला, पूर येऊन गेला. वाळू पुन्हा रेघेला बराबर लागलेली. आम्ही खणले. तळाच्या तीनच विटा शिल्लक होत्या. सतरा गेल्या, म्हणजे सव्वाचार फूट वाळू पुरात नाहीशी होऊन परत भरली होती. पडलेल्या खांबाचा पाया चार फुटांवर मुरमात टेकलेला होता. धोंडिबा उरलेल्या विटांकडे बघत राहिला.

माणिकराव विटांच्या मापांचा कागद घेऊन रेल्वेच्या साहेबांकडे गेले. मी मागे उभा होतो. साहेबांनी पाहणीचे जुने रजिस्टर उघडले. दर उन्हाळ्याला 'पाया बराबर' आणि खाली माणिकरावांची सही.

"मिस्त्री, दस्तखत तो तुम्हारेच हैं."

"जी. म्हणूनच खात्रीनं सांगतो. धोंडिबानं रेघ पाहिली, मीही रेघच पाहिली. चूक पाहण्याच्या रीतीत होती, आणि ती रीत माझी."

धोंडिबा कामावर परतला. माणिकरावांची ठरलेली बढती तेव्हा राहिली, ती पुढेही झाली नाही. नव्या खांबाचा पाया मात्र खडकापर्यंत नेला. त्याचे माप मी घेतले, फीत ताणून.

आज माणिकराव साठ वर्षांचे झाले. त्यांच्या या गौरव अंकासाठी काही सांग, असे धोंडिबाला म्हटले, तर तो म्हणाला, "त्यांना इचारलं तर म्हणतील, म्या पुलासाठी केलं. तसं लिहू नका." म्हणून तसे लिहीत नाही. माणिकरावांना आणखी चाळीस पावसाळे पाहायला मिळोत, आणि प्रत्येक पूर ओसरल्यावर नदीत उतरायला त्यांचे गुडघे साथ देवोत.