माझी लाट खाली येईना

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी कप खाली ठेवा. सांडाल!

मी अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवतो आणि सात वर्षांपासून पाण्याच्या लाटांवर पीएच.डी. करून राहिलो. प्रश्न एवढाच: लाटेचं टोक अणकुचीदार होत होत असा एखादा क्षण येतो का, की तिथे गणितच मोडतं, समीकरणाला पुढचं काही सांगताच येत नाही? त्याला आम्ही म्हणतो सिंग्युलॅरिटी. सात वर्षं कॉम्प्युटरवर लाट उठायची, बसायची. मोडायचं नावच नाही!

आणि एका मंगळवारी मोडलं! लाट वर गेली, सुईसारखी झाली आणि कॉम्प्युटरनं हात टेकले.

मी बायकोला ओरडून सांगितलं, "सुलभा, सापडलं!"

"काय, चष्मा?"

पुढचं काय विचारता! प्राचार्यांनी व्याख्यान ठेवलं, शाल आणली. मी कौंडण्यपूरच्या महादूभाऊ नावाड्यांनाही बोलावलं. कित्येक रविवार त्यांच्या नावेत बसून मी वर्धा नदीच्या लाटा पाहिल्या होत्या. भाऊ पहिल्या रांगेत, धुतलेली टोपी घालून.

तासभर बोललो, पडद्यावर लाट दाखवली. टाळ्या! "कोणाला काही विचारायचं आहे?"

महादूभाऊ उठले. "सर, मले गणित नाही समजत. पण तुमची लाट नुसती चढूनच राहिली. उतरून काहून नाही राहिली?"

सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता पडद्यावरच्या समीकरणाकडे पाहिलं. गुरुत्वाकर्षणाचं चिन्ह! उणेच्या जागी अधिक! माझं पाणी आभाळाकडे पडत होतं!

खरं सांगतो, गप्प बसावंसं वाटलं. हॉलमध्ये दुसऱ्या कोणाला कळलं होतं? पण तो म्हातारा माणूस उत्तराची वाट पाहत उभा होता, अगदी मनापासून. मी माईकवर म्हणालो, "भाऊ, तुमचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

प्राचार्य कानाशी कुजबुजले, "सर, हे आभारप्रदर्शनानंतर सांगितलं असतं तर?"

बाहेर महादूभाऊंनी मला गाठलं. चेहरा त्यांचाच पडलेला.

"माह्या तोंडानं घात केला, सर. केवढी होती चूक?"

"एक उभी रेघ जास्त झाली, भाऊ."

"अन् तेवढ्यासाठी सात वर्सं पाण्यात गेली?"

"नाही हो. सात वर्षं चिन्ह बरोबरच होतं. लाट मोडेना, म्हणून त्या सोमवारी मीच ते तपासलं… आणि दुरुस्त केलं!"