उशाकडचं लुगडं

माझं लग्न ठरलं तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला आत्यानं सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीतली एक बाई बोलावली. दुपारचा भोंगा झाला की ती ओसरीवर येऊन बसायची. तुकडा मांडायची, तळहातानं सुरकुती काढायची, लांबून बघायची आणि पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवायची.

आत्या म्हणाली, "लग्न आठ दिवसांवर आलंय. टाके जरा लांब घाला की."

"लांब टाक्यात पायाची बोटं अडकत्यात, आक्का," ती म्हणाली आणि बारीक धावदोरा घालत राहिली.

मी सुया ओवून द्यायचे. एकदा पायाकडच्या हिरव्या तुकड्यावर तिचा हात थांबला. "ह्ये लई मऊ हाय. रोजच्या नेसणीचं व्हय?"

"हो. थंडीत आई याच पदरात मला घ्यायची."

"मग ह्ये उशाकडं पायजे. पायाखाली नगं."

दोन दुपारींचं काम तिनं सावकाश उसवलं. घरात आईचं नाव निघालं की सगळे गप्प होत. त्या बाईजवळ मात्र मी रोज बोलत राहिले, आणि ती ऐकत शिवत राहिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं शेवटची गाठ मारली. आत्याचा जीव भांड्यात पडला. मला मात्र वाटलं, अजून चार दुपारी लागायला हव्या होत्या.